माप, चिंधी आणि नाव

इनास मास्तर, तुमच्या दुकानात खिळ्याला एक शर्ट टांगलेला आहे. नवा, इस्त्री केलेला, पांढऱ्यावर बारीक करडी रेघ. शिवून तयार आहे आणि ज्याचा आहे तो न्यायला येत नाही. जाणारा-येणारा विचारतो, "हा कुणाचा गं?" मी म्हणते, "आहे एकाचा. नेतील." मग विचारणारा गालातल्या गालात हसतो, कारण कुणाचा ते अख्ख्या आगाशी बाजाराला ठाऊक आहे. एक तुम्हालाच ठाऊक नाही. तुम्ही गेल्याला महिना झाला म्हणून चर्चमध्ये तुमची मिस्सा झाली, तिच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. ती सांगायलाच बसले आहे.

लिहायला रोजावहिनींनी, तुमच्या मंडळींनी, सांगितलं. धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, मासिकात गेलेल्या माणसाविषयी छापतात. "शांता, तूच लिही," म्हणाल्या, "मी बसले तर कागद भिजवीन नुसता." मी म्हटलं, "वहिनी, माझी सातवीसुद्धा पुरी झालेली नाही." तर म्हणाल्या, "तुझी तुरपाई बघून कुणी तुझी सातवी विचारलीय का आजवर?"

जन्म कुठला, शाळा कुठली, मागे कोण कोण, ते मासिकवाले चौकटीत घालतील. मला लिहायचं आहे ते वेगळं. एका माणसाच्या तोंडानं तुमचा जीव गेला, आणि त्याला मी सोडणार नाही. वहिनींनी अट घातली आहे की त्याचं नाव लिहायचं नाही. मी लगेच कबूल झाले. त्यांना वाटलं मी त्यांचं ऐकलं. माझं कारण निराळं आहे, आणि ते तुम्हीच मला शिकवलेलं आहे. तुमचं दुकान त्याच्या गाळ्यात आहे, म्हणून त्याला मी गाळेवाला म्हणते. तुमचा सख्खा चुलतभाऊ. आता ओळखा.

मी इथं आगाशीजवळ चंदनसारला नवी आले तेव्हा नवरा सकाळीच कारखान्यात जायचा आणि मी खोलीत भिंतीकडे बघत बसायची. जालन्याकडची मी. आमच्याकडे दारात उभं राहिलं की लांबवर रान दिसतं. इथं केळी, माड, घरं, आणि वाट कुठं शिरली ते कळत नाही. बायका आपसात बोलल्या की निम्मं डोक्यावरून जायचं. तुम्ही आणि वहिनी घरात तुमच्या बोलीत बोलायचात आणि माझ्याकडे वळलात की पुस्तकातल्यासारखं. मला त्याचंही ओझं व्हायचं, की माझ्यापायी यांना घरातसुद्धा परक्यासारखं बोलावं लागतंय.

काम मागायला आले त्या दिवशी तुम्ही पॅन्टचा एक पाय माझ्यापुढं टाकलात. मी तुरपाई केली, उसवली, परत केली, परत उसवली. तुम्ही चष्म्यावरून बघत होतात.

"पहिलीच बरी होती," तुम्ही म्हणालात. "दुसरीपण. तू कुणाला घाबरतेस, बाय?"

मी सगळ्यालाच घाबरते. स्टो बंद केला का, कुलूप लागलं का, एखादी सुई कुणाच्या कपड्यात राहून गेली तर. संध्याकाळी सुया मोजायची, रस्त्यापर्यंत जायची आणि परत मोजायला यायची. तुम्ही त्याला कधी हसला नाहीत. दुकान बंद करायचं सोडून दारात उभे राहायचात, मी मोजेपर्यंत. एकदाच म्हणालात, "बाय, सुई हरवली तर सुई हरवते. गाव हरवत नाही." ते वाक्य मी अजून स्वतःला म्हणते. सुया मात्र अजून मोजते.

आता ज्याच्यावरून हे सगळं झालं त्या खेळाचं. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्याच्याबद्दल ऐकलंय, पण कुणी विचारलं नाही की तो होता काय. म्हणून सांगते.

तुमचा धाकटा भाऊ बोटीवर. त्यानं कुठल्याशा बंदरातून एक खोका आणला. आत इंग्रजी पुस्तक, वर पंखांच्या सापाचं चित्र, आणि कसले कसले फासे. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, आणि वीस बाजूंचा तो, ज्याला वहिनी सीताफळ म्हणायच्या. भाऊ म्हणाला, तिकडं पोरं टेबलाभोवती बसून हे खेळतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसतं बोलायचं. एकानं सगळं जग व्हायचं, म्हणजे राजा तोच, वारा तोच, वाटेतला वाघही तोच. बाकीच्यांनी त्या जगातला एकेक माणूस व्हायचं. जग विचारणार, "आता काय करतोस?" माणूस सांगणार. होईल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा.

भाऊ बोटीवर परत गेला आणि तुम्ही डिक्शनरी घेऊन पुस्तकाला बसलात. मग निम्मं टाकून दिलंत. "या गोऱ्यांच्या थंड किल्ल्यात आपण काय करणार? तिथं सुकी मासळी वाळायची नाही." त्याच्या जागी खारदेश आला. खाडी, मिठागरं, केळीच्या वाड्या आणि गोड्या पाण्याच्या विहिरी, ज्यांच्यासाठी खारदेशातली सगळी भांडणं. रविवारी दुपारी जेवणं झाली की तुमच्या ओटीवर आम्ही बसायचो. तुम्ही जग. वहिनी पळून आलेली राणी, जी खेळताना लसूण सोलायची. जूचंद्रचा भास्कर, जो आगाशीत बर्फाच्या कारखान्यात कामाला होता, तो नावाडी. आणि मी वाकळवाली, म्हणजे जादू येणारी बाई.

पुस्तकातली जादू तुम्हाला पसंत नव्हती. जादूगार तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि आग पडते. "नुसतं बोलून?" तुम्ही म्हणालात. "जादूला हाताचं काम पाहिजे." पुस्तकाच्या मागच्या बाजूला कुठंतरी थोड्या ओळी होत्या, की माणसाचा केस किंवा कपडा मिळाला तर दुरूनही त्याला काही करता येतं. तेवढ्या ओळींवर तुम्ही अख्खी विद्या शिवलीत. नाव ठेवलंत सोयरविद्या, कारण तिचं सगळं नात्यावर चालतं.

सारख्याची सारख्याशी सोयरीक, हा तिचा पहिला कायदा. माणसासारखी बाहुली केली की ती त्याची नातलग. दुसरा, एकदा अंगाला लागलं ते सुटत नाही. शर्टातून उरलेली चिंधी शर्टाची राहते, आणि शर्ट माणसाचा. पण नातं विटतंसुद्धा. चिंधी धुतली की विटते, उन्हात पडली की विटते, आणि मध्ये खारं पाणी आलं की दोरा सैल पडतो. म्हणून खारदेशात ज्याला कुणाचं भय, तो खाडी ओलांडून पळायचा.

भास्कर खूश. "म्हंजे कोनाला पन पळायचं असलं तर माझीच होडी."

आणि काम पुरं व्हायला तीन गोष्टी लागायच्या. माप, चिंधी आणि नाव. माप म्हणजे डोक्यापासून टाचेपर्यंतचा दोरा. चिंधी म्हणजे त्याच्या कपड्याची. नाव म्हणजे पूर्ण नाव, मोठ्यानं घेतलेलं. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही वर्षभर पेटीत ठेवा, काही होत नाही. नाव घेतलं की दोरा ताणला जातो.

वहिनींनी लसणीवरून मान वर केली. "माप, चिंधी, नाव. म्हणजे हा शिंपीच झाला की."

"मग काय," तुम्ही म्हणालात, "गावात शिंप्याइतका भयंकर माणूस दुसरा नाही."

किती हसलो होतो आपण.

एका रविवारी मी गप्प बसले होते. गावाकडून निरोप आला होता, आई तापानं अंथरुणाला लागली आहे. लगेच निघणं जमत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनींनी ओळखलं असावं. तुम्ही खेळ थांबवला नाहीत. जगाच्या आवाजात विचारलंत, "वाकळवाली, तुझ्या अंगावर काय आहे?"

"वाकळ."

"तिच्यात कुणाकुणाची कापडं?"

माझ्या खोलीत तशी खरीच वाकळ आहे, आईनं शिवलेली. तुम्हाला मी कधीतरी सांगितलं होतं. मी एकेक सांगत गेले. आईची हिरवी इरकल, बापाचं धोतर, आजीचं लुगडं, माझा शाळेचा निळा परकर.

"आईचं माप?"

"माझ्या कपाळाला लागते ती."

"नाव?"

मी आईचं नाव उभ्या जन्मात मोठ्यानं घेतलं नव्हतं. त्या ओटीवर घेतलं, पूर्ण.

"काय पाठवतेस?"

"ऊब."

भास्कर म्हणाला, "मधी खाडी आहे, पन तिचं मी बघतो. तू टाक फासा." मी सीताफळ टाकलं. तुम्ही वाकून बघितलंत, आकडा झाकून टाकलात आणि म्हणालात, "पोचली." मग म्हणालात, "पण बाय, दोऱ्याला दोन टोकं असतात. जे पाठवशील त्यातलं थोडं तुझ्या वाट्याला उरतं. तू ऊब दिलीस, आता तुला गारठा." भर वैशाख होता आणि माझ्या अंगावर काटा आला. वहिनी उठून आत गेल्या आणि खरीखुरी चादर आणून माझ्या खांद्यावर टाकली.

आई बरी झाली. डॉक्टरच्या गोळ्यांनी झाली, मला कळतं. पण त्या दुपारी तुम्ही मला माझ्या आईपाशी बसवून आणलंत, आणि मी त्याबद्दल तुम्हाला कधी काही बोलले नाही. तुम्हीही पुन्हा विषय काढला नाहीत. तुमचं हेच होतं. दिलं की विसरायचं. कापड तेवढं विसरायचं नाही.

आपलं भांडण सुभेदारावरून झालं. खारदेशचा सुभेदार रात्रीतून गोड्या विहिरींत मीठ टाकायचा, आणि लोक गाव सोडून गेले की वाड्या आपल्या नावावर करायचा. मी त्याची बाहुली केली. तुमच्या चिंध्यांच्या टोपलीत सगळ्यात वर निळ्या पट्ट्यांची चिंधी होती, तिचा तिला शर्ट शिवला, आणि सुया काढून पोटात टोचल्या.

"नाव घेऊ?" मी विचारलं.

"दुसरं टोक कुणाच्या हातात आहे?"

"माझ्या. असू दे."

"त्याच्या पोटात सुई घालशील तर तुझ्याही पोटात काहीतरी राहील."

"मग सोयरविद्या काय फक्त भल्या माणसांना दुखवायला आहे का? सुभेदार कुठं कसलं टोक धरतो? विहिरीत मीठ टाकतो आणि घरी जाऊन जेवतो."

"बरोबर बोलतेय ती," भास्कर म्हणाला. "आनि मास्तर, ती सुईनं सुभेदार मारनार तर मी होडी घेऊन काय माशा मारू?"

तुम्ही फासा खोक्यात ठेवलात. मग म्हणालात, "उत्तर आहे माझ्याकडे. नीट सांगता येत नाही. पुढच्या रविवारी सांगतो." बाहुली तुम्ही दुकानात आणलीत, सुभेदाराला पगडी करायची म्हणून. पुढचा रविवार आला तेव्हा आपल्याला खेळायचं सुचण्यासारखं राहिलं नव्हतं. ते उत्तर तुम्ही बरोबर घेऊन गेलात.

गाळेवाल्यानं बाहुली पाहिली तेव्हा मी तिथंच काज करत बसले होते. म्हणून सांगते, ऐकीव नाही.

"हे काय रे, इनास?"

"सुभेदार."

"याच्या अंगात माझा शर्ट आहे."

तुम्ही बाहुली उजेडात धरलीत आणि हसू लागलात. "अरे हो की. तुझ्या ईस्टरच्या शर्टातली चिंधी."

"तरीच माझं पोट दुखतंय," तो म्हणाला आणि तोही हसला. तुम्ही त्याला स्टुलावर बसवून सगळा खेळ समजावलात. खारदेश, सोयरविद्या, तीन गोष्टी, दोन टोकं. चहा मागवलात. त्यानं सीताफळ हातात घेऊन दोनदा टाकून बघितलं. जाताना म्हणाला, "मलाही बोलवा एखाद्या रविवारी."

तर त्याला सगळं माहीत होतं. अगदी नीट.

त्यानंतर त्याला गाळा रिकामा हवा झाला. कुणाला तरी तिथं टेपरेकॉर्डरच्या कॅसेटचं दुकान टाकायचं होतं. तुम्ही म्हणालात, नाताळचा हंगाम होऊ दे, मग बघू. दोन दिवस गेले नसतील, बाजारात कुजबुज सुरू झाली: इनास शिंपी गिऱ्हाइकांच्या चिंध्या ठेवतो, बाहुल्या करतो, पोटात सुया टोचतो. अमक्याचं पोट उगाच नाही दुखत.

सगळ्यात आधी कॅथरीनमावशी आली, केळी विकणारी. नातवाचा ताप हटत नव्हता. दारातच उभी राहिली, आत पाय टाकला नाही. "इनास, माझ्या नातवाच्या कापडातलं उरलंसुरलं असेल ते दे मला."

तुम्ही टोपली पुढं ओढलीत, हात घातलात आणि पिवळ्या चौकड्यांचे तुकडे बरोबर काढलेत. तिथंच थांबला असतात तर. पण तुम्ही परत हात घातलात. "आणि ही तुमच्या लेकीच्या झग्याची. आणि ही तुमच्या मालकांच्या जुन्या लेंग्याची."

तिचा चेहरा मी बघत होते. "तुला कसं रे एवढं लक्षात?"

"मावशी, माझ्या हाताखालून गेलेलं कापड मी विसरत नाही," तुम्ही म्हणालात. अभिमानानं.

दुसऱ्या दिवशी बायका रांगेनं आल्या. मी तुमच्या कानाशी लागून म्हटलं, "मास्तर, आठवत नाही म्हणा. सांगा की सगळं मिसळून गेलंय."

"का? आठवतंय तर."

प्रत्येकीला तुम्ही तिचीच चिंधी दिलीत, एकही चुकली नाही, आणि जी ती खात्री पटल्यासारखी मागं न बघता गेली. जेवढे खरे वागलात तेवढे खोटे पडत गेलात. त्या दिवसाचा राग माझा तुमच्यावर अजून आहे, मास्तर. एकदा विसरल्यासारखं करायला काय जात होतं तुमचं?

फादर आले होते. आपला झगा शिवायला घेऊन आले आणि भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, स्टुलावर उभे राहून माप दिलं. चहा पिऊन गेले. लोक म्हणाले, "फादरांचं काय, त्यांच्यावर चालत नाही."

नाताळ आला. ज्या दिवसांत आपल्याला जेवायला उसंत नसायची त्या दिवसांत तुम्ही मशीनला तेल घालत बसायचात. पुसायचात, परत तेल घालायचात. गाणी म्हणत पोरं दुकानावरून जायची, ती दुकान आलं की पलीकडच्या बाजूनं. नवीन वर्ष लागलं, आणि एका दुपारी तुम्ही मशीनवर डोकं टेकलंत. मला वाटलं सुईत दोरा ओवताय. मी म्हटलं, "द्या इकडं, मी ओवते." डॉक्टर हृदय म्हणाले. डॉक्टरांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

गावात कुणी गेलं की पेटीसाठी माप घ्यायला तुम्हालाच बोलवायचे. डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा लावायचा, सुताराला दाखवायचा, आणि नंतर तो दोरा तुम्ही मेलेल्या माणसाच्या हाताखाली ठेवायचात. खेळ यायच्या कितीतरी आधीपासून. "माणसाचं माप माणसाबरोबर जावं. मागे राहून कुणाच्या हाती लागू नये." तुमच्या वेळी सुतार ओटीवर थांबला होता आणि दोरा कुणी हातात घेईना. एकमेकींच्या मागं सरकत होत्या सगळ्या. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी घेतलं तुमचं माप. खात्री वाटेना म्हणून परत घेतलं. तुमच्या उजव्या तळव्याखाली ठेवलाय दोरा. तुमचं माप आता कुणाकडे नाही. तुम्ही मोकळे झालात.

पेटीला पुढून खांदा गाळेवाल्याचा होता. दफनभूमीत मूठमाती देताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा भाऊ देवमाणूस होता." माझ्या मुठीत माती होती. ती मी तुमच्यावर टाकली. कुठं टाकावीशी वाटली होती ते तुम्हाला कळलं असेल.

आणि मग तो दुकानात आला, हातात कापड घेऊन. "रोजा, महिन्याच्या मिस्सेसाठी मला एक शर्ट शिवून द्या. इनासचं मशीन थांबायला नको. आणि गाळ्याची घाई नाही हं, सावकाश सोडा."

वहिनींनी कापड घेतलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "का घेतलंत?"

"पहिलं कापड आलंय, शांता. एक आलं की मागून येतात." आणि आलीसुद्धा. त्याचं कापड दुकानात शिरलेलं बघून बाकीच्यांची भीती मोडली. ज्यानं दार बंद केलं त्याच्याच हातानं ते उघडायचं, याचा मला जास्त संताप आला.

माप द्यायला आला तेव्हा म्हणाला, "जुनंच माप चालेल की."

"नाही चालायचं," मी म्हटलं. "पोट वाढलंय तुमचं." बाकावरच्या बायका हसल्या. वहिनींनी छाती, गळा, बाही घेतली. मग मी रिळाचा दोरा सोडला आणि त्याच्या पाठीमागून डोक्यापासून टाचेपर्यंत धरला.

"शर्टाला उंची कशाला?"

"लागते."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं आणि वहीत मापं लिहिली. बाहुली माझ्या सुयांच्या डब्यातच होती. तिच्या अंगातला निळ्या पट्ट्यांचा शर्ट मी काढून घेतला. सुयांची भोकं तशीच होती.

महिन्याच्या मिस्सेच्या आदल्या दिवशी दुकान बऱ्यापैकी भरलेलं होतं. कॅथरीनमावशी बाकावर होती, भास्कर पॅन्ट न्यायला आला होता. गाळेवाला आला. मी शर्ट कागदात बांधला, त्याच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "एक सांगायचं राहिलं. सगळ्यांच्या चिंध्या परत गेल्या, तुमचीच राहिली होती. बाहुलीच्या अंगावरची. ती कॉलरच्या आत शिवली आहे. भोकं आहेत तिला सुयांची, पण बाहेरून दिसायची नाहीत."

त्याचा पुढं आलेला हात थांबला. त्यानं पुडक्याकडं बघितलं, मग माणसांकडं. मग हसला, तुमच्यासमोर हसला होता तसाच.

"काय शांता, तूपण. अगं, तो तर खेळ होता. फाशांचा. इनासनं सगळा समजावला होता मला, मी स्वतः फासा टाकलाय इथं बसून."

वहिनींचा पाय मशीनवरून उतरला.

कॅथरीनमावशी उठली. "तुला ठाऊक होतं?"

"मावशी, तसं नव्हे..."

"खेळ होता हे ठाऊक होतं, आणि मला म्हणालास, जा, इनासकडून नातवाच्या चिंध्या काढून आण, नाहीतर पोर हातचं जाईल? आल्याबरोबर तुला सांगितलं की सगळ्या बरोबर काढून दिल्या, तर म्हणालास, बघ, मी सांगत नव्हतो?"

बाकावरून भास्कर म्हणाला, "खेळच आहे ना? मंग घाला की शर्ट. इथंच घाला, मापात बसतो का बघू."

गाळेवाल्यानं पुडकं उचललं. कागद सोडला. कॉलरवर अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. मग शर्ट फळीवर ठेवला. "उद्या घेऊन जातो," म्हणाला, आणि गेला. दुसऱ्या दिवशी मिस्सेला जुनाच शर्ट घालून आला आणि मागच्या बाकावर बसला. पुढं तुमच्या घरच्यांच्या रांगेत त्याची जागा मोकळी राहिली.

मिस्सेच्या दिवशीच संध्याकाळी कॅथरीनमावशी आली. या खेपेला आत आली. पिवळ्या चौकड्यांचे तुकडे, झग्याची चिंधी, लेंग्याची चिंधी, सगळं परत टोपलीत टाकलं. "असू दे इथंच," म्हणाली. मग आणखी एक आली. टोपली आता निम्मी भरली आहे. कुणाची कुठली ते मला तुमच्यासारखं सांगता येत नाही, शिकते आहे.

वहिनी म्हणतात, "पुरे झालं शांता. कॉलर उसव, चिंधी काढ आणि शर्ट घरी पाठवून दे."

पण उसवायला आत काही नाही, मास्तर. कॉलर मोकळी आहे. तुमच्या दुकानातून जाणाऱ्या कपड्यात मी काही लपवलं नसतं, सुईसुद्धा मी मोजून घेते. वहिनींनाही हे इथं वाचूनच कळेल, त्यालाही. त्यानं यावं आणि आमच्यासमोर उसवून बघावं. तो यायचा नाही. आता मी काहीही लिहिलं तरी त्याचा विश्वास बसायचा नाही, आणि याचा मला फार आनंद होतो.

चिंधी माझ्या डब्यात आहे. धुतलेली नाही, उन्हात ठेवलेली नाही. तिच्याभोवती त्याच्या उंचीचा दोरा गुंडाळलेला आहे. त्याच्या घरात आणि या दुकानात खाडी नाही, एक रस्ता आहे.

गेले काही दिवस माझं पोट दुखतं. जेवण जात नाही. दोऱ्याचं दुसरं टोक, मला ठाऊक आहे. तुमचं राहिलेलं उत्तरही मला आता थोडंथोडं कळतंय. तुम्ही म्हणाला असतात, "सोड ते टोक, बाय, तू ऊब पाठवणारी बाई आहेस." तुमचं बाकी सगळं ऐकलं मी. हे ऐकायचं नाही असं ठरवलं आहे. शर्ट खिळ्यावरच राहील. गाळा सोडायची वेळ येईल तेव्हा तो घेऊन आम्ही जिथं जाऊ तिथं टांगू.

हे लिहून झाल्यावर मी पहिल्यापासून परत वाचलं, सुया मोजते तसं, एकेक ओळ. त्याचं नाव कुठं राहून गेलेलं नाही. माप आहे, चिंधी आहे. नाव मी घेतलेलं नाही, ते तुमच्यासाठी.

पण मला ते येतं. पूर्ण येतं.